रात्र हरवलेली भगत

पाडव्याची गुढी उतरली की बहुधा दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरात चेटीचंड उजाडतो. सिंधी समाजाचे आराध्य दैवत झुलेलाल यांचा हा जन्मदिवस आणि सिंधी नववर्षाची सुरुवात. परातीत कणकेची ज्योत, तिच्याभोवती खडीसाखर, वेलदोडे, फळे आणि फुले अशा थाटात बहराणा सजतो. पुढे ढोल आणि शहनाई, मागे हातात टिपऱ्या घेऊन रिंगण धरणारे पुरुष. या नाचाला छेज म्हणतात. लय आधी संथ असते, मग चढत जाते आणि शेवटी वाजवणारा व नाचणारा कोण कोणाला ओढतो आहे हे कळेनासे होते. ठाण्याच्या कोपरी कॉलनीत, कल्याणात, अंबरनाथमध्ये हेच दृश्य लहान प्रमाणात दिसते. रस्त्यावर थांबून ते पाहणाऱ्या कोणालाही वाटेल की सिंधी लोककला अगदी धडधाकट आहे.

छेजेपुरते ते खरे आहे. सिंधी समाजाच्या ज्या प्रयोगकला सिंधमधून इकडे आल्या, त्यांत छेज सर्वांत चांगली टिकली. तिला भाषा लागत नाही, लिपी लागत नाही, वर्षातून एक-दोनदा मोकळा रस्ता मिळाला तरी पुरते. बाकीच्यांचे तसे नाही. बायकांनी ढोलकीवर म्हणायचे लग्नातले लाडे, सूफी आणि वेदान्ती कवींचे कलाम, आणि या सगळ्यांना पोटात घेऊन रात्रभर चालणारी भगत या तिन्हींना शब्द कळणारा श्रोता लागतो. या लेखात मी मुख्यतः भगतीबद्दल बोलणार आहे, कारण बाकीच्या कला तिच्यात एकत्र नांदत होत्या. माझे म्हणणे असे की भगत गाणारे अजून आहेत, तिच्यावर श्रद्धा ठेवणारेही भरपूर आहेत. पण तिची रात्र गेली, आणि रात्र गेल्यामुळे तिची कथा गेली. कथा गेलेल्या भगतीत जे उरते त्याला आपण भजनसंध्या म्हणू शकतो, भगत नाही.

आपल्याकडच्या वाचकासाठी आधी थोडा इतिहास सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईला उतरलेल्या सिंधी कुटुंबांना या रिकाम्या बराकींत आणले गेले आणि कल्याण कॅम्प सिंधी निर्वासितांचा झाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवले गेले. पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच असेच सांगतात. जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे राहतात. नंदिता भावनाणी यांनी फाळणीनंतरच्या सिंधी स्थलांतरावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात त्या काळाची हकीकत सविस्तर आली आहे. ती वाचताना लक्षात येते की एका बराकीत अनेक कुटुंबे पडद्यांच्या आडोशाने राहत होती आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण काही महिन्यांत परत जाऊ असे वाटत होते. त्यांनी सोबत भांडी, दागिने, पोथ्या आणल्या तशी गाणीही आणली. पंजाब आणि बंगाल वाटले गेले, तेव्हा त्या भाषांचा एकेक तुकडा तरी भारतात राहिला. सिंध अखंड पलीकडे गेला. सिंधी माणसाला भारतात स्वतःच्या भाषेचे एक गावही मिळाले नाही. त्यामुळे त्याच्या कलेला इथे ना जत्रा होती, ना पार, ना दर्ग्याचे अंगण. होते ते बराकींमधले मोकळे मैदान.

भगत त्या मैदानाला साजेशीच कला होती. मधोमध मुख्य भगत उभा राहतो. अंगात घोट्यापर्यंत पोचणारा घेरदार जामा, डोक्याला पगडी, पायांत घुंगरू. त्याच्याबरोबर त्याचे साथी, ढोलक, पेटी, झांजा. प्रेक्षक चारही बाजूंना जमिनीवर बसलेले. भगत गातो, गाता गाता गिरकी घेतो, रिंगणाच्या एका टोकाला जाऊन एखाद्या म्हाताऱ्यासमोर थांबतो, त्याच्याकडे पाहून एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. मग गाणे मध्येच सोडून गोष्ट सांगू लागतो, गोष्टीत साथीदार थट्टामस्करी करतात, लोक हसतात, आणि हसू ओसरायच्या आत तो पुन्हा एखाद्या करुण पदावर येतो. आपल्याकडचे कीर्तन आणि गोंधळ पाहिलेल्या माणसाला हा ओघ ओळखीचा वाटेल. नारदीय कीर्तनातला निरूपणकार आणि आख्यानकार एकाच माणसात असतो तसाच इथेही असतो, फक्त भगत नाचतोही. लोक भगतावरून ओवाळून पैसे टाकतात, त्याला घोर म्हणतात. पहाटे पलव घेतला जातो. भगत आपल्या वस्त्राचा पदर पसरतो आणि दात्यांसाठी, गावासाठी, आजाऱ्यांसाठी, परदेशी गेलेल्यांसाठी मागणे मागतो. अख्ख्या रात्रीचा भार त्या पदरावर येऊन पडतो म्हणून पलव हा क्षण मोठा.

या परंपरेतले सर्वांत थोर नाव भगत कंवरराम यांचे. १३ एप्रिल १८८५ रोजी सक्कर भागातल्या जरवार गावी त्यांचा जन्म झाला. रहडकीचे संत सतरामदास हे त्यांचे गुरू. कंवरराम हिंदूंच्या उत्सवात गात तसे मुसलमानांच्या मेळ्यातही गात; त्यांच्या गाण्यात झुलेलाल होते, कृष्ण होता, नानक होते आणि शाह अब्दुल लतीफ, सचल सरमस्त, सामी हे सिंधचे तिन्ही महाकवी होते. घोर म्हणून मिळालेला पैसा ते अपंगांना आणि गरिबांना वाटून टाकत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर आगगाडीतच त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. सक्करमध्ये मंजिलगाहच्या जागेवरून हिंदू-मुसलमान तेढ पेटली होती, तिचे ते बळी ठरले. ज्या माणसाने दोन्ही समाजांना एकाच रिंगणात बसवले त्याचाच बळी जावा, याचा सिंधी मनावर झालेला घाव फाळणीपेक्षाही जुना आहे. आज सिंधी दुकानात, दवाखान्यात, धर्मशाळेत त्यांची तसबीर असते. २०१० साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पुण्यतिथीला, म्हणजे वर्सीला, अन्नदान होते. त्यांना संत म्हणून समाजाने मनापासून जपले आहे. त्यांना कलावंत म्हणून मात्र जपलेले नाही. ते किती वेळ गात, कोणत्या पदावरून कोणत्या कथेत शिरत, पावलांचा ठेका कसा बदलत, याची शिस्तीने केलेली नोंद आणि ती पुढच्या पिढीला शिकवण्याची व्यवस्था आपण उभी केली नाही. संत झालेल्या कलावंताच्या वाट्याला हे नेहमीच येते. गाडगेबाबांची खराट्यासह मूर्ती गावोगाव आहे. त्यांच्या कीर्तनातला प्रश्नोत्तरांचा धारदार नाट्यक्रम किती जणांनी अभ्यासला?

भगतीच्या पोटातल्या कथेकडे येतो. शाह लतीफ (१६८९ ते १७५२) यांच्या ‘शाह जो रिसालो’ या ग्रंथाची रचना सुरांमध्ये, म्हणजे गेय प्रकरणांमध्ये आहे आणि त्यांतली अनेक प्रकरणे सिंधच्या लोककथांतल्या स्त्रियांची आहेत. घड्याच्या आधाराने नदी पार करताना बुडणारी सोहणी, पुन्हूच्या मागे डोंगर तुडवत जाणारी ससुई, कोळ्याच्या पोरीची राणी झालेली नूरी. यांत मारुई अशी की निर्वासितांच्या छावणीत तिची कथा सांगणाऱ्याला काही समजावून द्यावे लागले नसेल. मलीरच्या वाळवंटातली ही गरीब धनगराची मुलगी. उमरकोटचा राजा उमर तिला उचलून किल्ल्यात आणतो, रेशमी वस्त्रे, पलंग, पक्वान्ने पुढे ठेवतो. ती आपली फाटकी लोई, म्हणजे घोंगडी, सोडत नाही आणि मलीरचेच नाव घेत राहते. पाऊस पडला की तिला गावाकडचे गवत आठवते. कल्याण कॅम्पच्या बराकीत, रेशनच्या रांगेत उभे राहून आलेल्या माणसांसमोर ही मारुई गायली गेली असेल तेव्हा ते नुसते मनोरंजन नव्हते. लतीफ मुसलमान सूफी, ऐकणारे हिंदू निर्वासित, आणि कथा मायदेशाच्या ओढीची. या एका बिंदूवर सिंधी संस्कृतीचे सगळे सत्त्व एकवटते. म्हणूनच भगतीतून मारुई गळून पडावी याचे मला फार दुःख होते.

ती गळली कशी? एकदम नाही. पहिल्या पिढीने बरेच केले. प्राध्यापक राम पंजवाणी (१९११ ते १९८७) मडके हातात घेऊन गात आणि त्या मडक्याच्या ठेक्यावर त्यांनी मुंबई परिसरातल्या विखुरलेल्या समाजाला पुन्हा गोळा केले. चेटीचंड आणि झुलेलाल ही सगळ्या सिंध्यांची खूण व्हावी यासाठी १९५०च्या दशकापासून त्यांनी रान उठवले. सांताक्रूझचे सीता सिंधू भवन हे त्यांचेच काम. मास्टर चंदर (१९०७ ते १९८४) यांच्या आवाजाची मोहिनी ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून सिंधमध्येच पसरली होती. इकडे आल्यावर त्यांनी ती मैफलींत टिकवली आणि त्यांचे पुत्र महेश चंदर यांनी ती पुढे चालवली. कादंबरीकार गोविंद माल्ही यांनी कलावंतांना एकत्र करून गावोगावच्या सिंधी वस्त्यांत गाण्या-नाटकांचे कार्यक्रम केले. भगवंती नावाणी यांच्यासारखी गायिका-अभिनेत्री त्यातून घराघरात पोचली. १९५८ साली ‘अबाणा’ हा चित्रपट आला, बुलो सी. रानी यांचे संगीत आणि कोवळ्या वयातली साधना. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, त्याचा आनंद कॅम्पाकॅम्पांत साजरा झाला. त्या पंचवीस वर्षांत सिंधी माणूस पोट भरण्याच्या धडपडीत होता, तरी गात होता.

पण या सगळ्या प्रयत्नांत एक निवड नकळत होऊन गेली. समाजाला एकत्र आणायला सोपी, सर्वांना पटणारी, वादातीत खूण हवी होती. झुलेलाल ती खूण झाले. झुलेलालांचे पंजडे, म्हणजे स्तुतिगीते, सर्वांना पाठ झाली. त्याच्या शेजारी लतीफचा कलाम, सचलची काफी, ससुईची कथा यांना तेवढी जागा उरली नाही. फाळणीच्या जखमेनंतर मुसलमान सूफींची पदे मंचावर गाताना काहींना संकोच वाटू लागला असेल, हेही समजण्यासारखे आहे. मी त्या पिढीला दोष देत नाही. तुटलेल्या समाजाने आधी देव वाचवला आणि कथा नंतर बघू असे ठरवले. ‘नंतर’ मात्र आले नाही.

आता आजची स्थिती. उल्हासनगरात, कोपरीत किंवा कल्याणात सिंधी गाण्याचा कार्यक्रम म्हटला की साधारण एक नमुना ठरून गेला आहे. निवेदन हिंदीत. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. सुरुवातीला झुलेलालांची दोन गाणी, मग लोकप्रिय सिंधी गीते, मध्ये जुन्या हिंदी चित्रपटांतली फर्माईश, शेवटी ‘हो जमालो’ आणि ‘दमादम मस्त कलंदर’वर सगळे उठून नाचतात. गायक तयारीचे असतात, लोक आनंदात असतात, आयोजकांची कळकळ खरी असते. तक्रार एवढीच की प्रत्येक गाणे एकाच लयीत ओढले जाते. मारुईचे पद आणि लग्नाचे गाणे यांच्या चालीत फरक कळेनासा होतो. संथ पदाला जो उसंतीचा काळ लागतो तो द्यायला कोणी तयार नाही, कारण प्रेक्षक उठून जातील ही भीती. वर्सीच्या निमित्ताने संतांच्या दरबारांत अजून भगत बोलावले जातात. जामा असतो, घुंगरू असतात, पलवही होतो. पण सत्संग, प्रवचन आणि भंडारा यांच्या मधल्या फटीत भगताला थोडाच वेळ मिळतो. एवढ्यात दोन पदे आणि पलव बसतात. आख्यान बसत नाही, विनोद बसत नाही, आणि रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी जमलेल्या माणसांचे जे एक शरीर होते ते बनायला तर अवकाशच नाही. रात्रभर चढत गेलेल्या गाण्याच्या शेवटी येणारा पलव हे मागणे असते. संध्याकाळी आठ वाजता, जेवणाच्या पंक्तीआधी घेतलेला पलव हा विधी असतो.

दरबारांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट बोलायला हवी. सिंधी हिंदूंचा नानकपंथाशी जुना आणि गाढ संबंध आहे; त्यांच्या टिकाण्यांत, म्हणजे देवस्थानांत, गुरू ग्रंथसाहेब पिढ्यान्‌पिढ्या आहे. उल्हासनगरात पहाटेच्या कीर्तनाला तरुण मुले हजारोंनी जमतात ही कोणत्याही समाजाला हेवा वाटावा अशी बाब आहे. तिथले गाणे सुरेल असते आणि शिस्त तर पाहत राहावी अशी. पण ते गाणे गुरमुखी आणि हिंदीत चालते. म्हणजे उल्हासनगरच्या तरुणाचा कंठ रोज तापतो, रियाझ होतो, तालाची जाण येते, आणि त्यात सिंधी जवळपास नसते. इतका मोठा गाणारा समुदाय हाताशी असताना आठवड्यातून एक सामीचा श्लोक, एक लतीफचा बैत त्यात आणणे अवघड नाही. सामी तर वेदान्तीच. त्यांच्या श्लोकांना कोणत्याही दरबारात हरकत असायचे कारण नाही.

लाड्यांची अवस्था थोडी वेगळी आहे. लाडा पुरुषांच्या मंचावर कधी अवलंबून नव्हता. आजी, आत्या, मावशी ढोलकी घेऊन बसल्या की तो सुरू व्हायचा. विहिणीची थट्टा, नवरदेवाचे कौतुक, माहेर सुटण्याचा हुंदका, सगळे त्यात होते. आता लग्नाच्या हॉलात संगीताची संध्याकाळ असते, नृत्यदिग्दर्शक असतो आणि गाणी पंजाबी-हिंदी असतात. हे मराठी लग्नातही झाले आहे, घाणा भरतानाच्या ओव्या आपल्याकडे तरी कोण म्हणते? फरक इतकाच की आपल्या ओव्या संग्रहित होऊन छापल्या गेल्या, विद्यापीठात अभ्यासल्या गेल्या. आणि मराठी ओवी विसरली तरी ती परत शिकायला लागणारी भाषा महाराष्ट्राच्या रस्त्यावर बोलली जाते. सिंधी लाडा विसरला की तो कॅम्पातल्या म्हाताऱ्या बाईबरोबर संपतो. ज्या घरात अजून ऐंशीच्या पुढची आजी आहे, त्या घरात मोबाइलवर तिचे लाडे नोंदवून घेणे हे या घडीचे सर्वांत तातडीचे काम आहे. त्याला अनुदान लागत नाही.

भाषेबद्दल बोलताना लिपीचा प्रश्न टाळता येत नाही. सिंधी लिहिण्यासाठी १८५३ साली इंग्रज राजवटीत ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरवली गेली. फाळणीनंतर भारतात देवनागरीचा पुरस्कार झाला, त्यावर समाजात कडाक्याचे वाद झाले आणि अखेर दोन्ही लिप्या मान्य राहिल्या. कागदावर ही सोय दिसते. प्रत्यक्षात जुन्या पिढीचे सगळे साहित्य अरबी लिपीत राहिले आणि नव्या पिढीला ती वाचता येत नाही. देवनागरी वाचता येते, पण तिच्यात पुरेसे छापले गेले नाही. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून आटल्या, आई-वडिलांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातले, घरात हिंदी आली. २०११च्या जनगणनेत देशभर २७ लाखांवर लोकांनी सिंधी ही मातृभाषा नोंदवली. नोंदवणे आणि तिच्यात गाणे ऐकून डोळे भरून येणे यांत मोठे अंतर आहे.

गाण्यावर याचा परिणाम अगदी कानाला जाणवतो. सिंधीत चार वर्ण असे आहेत की ते उच्चारताना हवा बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढावी लागते. देवनागरीत ते ॻ, ॼ, ॾ, ॿ असे खाली रेघ देऊन लिहितात. लहानपणापासून घरात सिंधी ऐकलेल्या गायकाच्या तोंडून ते सहज येतात. रोमन अक्षरांतून गाणे पाठ केलेल्या तरुण गायकाच्या तोंडी त्यांचे साधे ग, ज, ड, ब होतात आणि पदाचा कणा मोडतो. दुसरी गोष्ट स्वरान्तांची. सिंधीत शब्द स्वरावर संपतो. आपल्या ज्ञानेश्वरीच्या मराठीत देवु, भक्तु असे उकारान्त शब्द होते, तसे सिंधीत आजही आहेत. गायकाला त्या शेवटच्या ऱ्हस्व स्वरावर क्षणभर रेंगाळता येते, एका शब्दातून दुसऱ्यात घसरत जाता येते. सिंधी गाण्याचा जो हेलकावा आपल्याला वेगळा वाटतो त्याचे मूळ या व्याकरणात आहे. हिंदी वळणाने शेवटचा स्वर तोडून गायले की चाल तीच राहते, पण हेलकावा जातो. संगीत शिक्षकांनी सरगमीआधी हे उच्चार शिकवले पाहिजेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पलीकडे सिंधमध्ये काय चालले आहे याकडेही पाहायला हवे. भिट शाह इथे लतीफच्या समाधीपुढे फकीर अजून दंबुऱ्यावर त्यांचे सूर गातात, उंच, पातळ, बायकी वाटणाऱ्या आवाजात. नबी बख्श बलोच यांच्या देखरेखीखाली तिथे सिंधी लोकसाहित्याचे चाळीसहून अधिक खंड निघाले. कथा, कोडी, लग्नगीते, सगळे गावोगाव फिरून गोळा केलेले. अल्लन फकीर आणि आबिदा परवीन यांनी तो वारसा जगाच्या मंचावर नेला आणि आता तिथले तरुण वाद्यवृंद गिटारीबरोबर लतीफ गातात. उल्हासनगरातला जिज्ञासू मुलगा आज हे सगळे यूट्यूबवर ऐकतो. एका अर्थी चांगलेच आहे. पण भगत हा प्रकार प्रामुख्याने सिंधच्या हिंदूंनी जोपासला आणि त्यांतले बहुसंख्य इकडे आले. लतीफ तिकडे सुरक्षित आहे, भगत मात्र जगवायची तर तिची मुख्य जबाबदारी भारतातल्या सिंधी समाजाचीच आहे. अहमदाबादचे जेठो लालवाणी यांनी भगतीचा लोकनाट्य म्हणून अभ्यास केला, ही जमेची बाजू. महाराष्ट्रातल्या भगतांची अशी नोंद व्हायला हवी आणि ती उल्हासनगरच्याच महाविद्यालयांनी करायला हवी. चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय १९६५ पासून इथे उभे आहे. हैदराबाद सिंध नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने, म्हणजे निर्वासित शिक्षकांनी नव्याने उभ्या केलेल्या संस्थेने ते काढले. मराठी आणि सिंधी मुले तिथे एकाच बाकावर बसतात. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांनी कॅम्प वाटून घेऊन वृद्ध गायकांच्या मुलाखती घेतल्या तरी केवढा ठेवा जमेल.

आता आपल्याबद्दल, म्हणजे ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मराठी रसिकांबद्दल. कल्याण गायन समाज १९२६ पासून शास्त्रीय संगीताच्या मैफली घडवतो आहे. डोंबिवलीच्या श्रोत्याची ख्याती अशी की मोठमोठे गवई इथे गायला उत्सुक असतात. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झाले. आचार्य अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, एवढी रंगमंदिरे या पट्ट्यात आहेत. विठ्ठलवाडी स्टेशन कल्याणच्या पुढचेच. आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांना उल्हासनगर ठाऊक आहे ते कपड्यांसाठी, फर्निचरसाठी, स्वस्त सुट्या भागांसाठी. पंचाहत्तर वर्षे शेजारी राहूनही आपण त्या बाजारातून पिशव्या भरून आणल्या आणि एक गाणे आणले नाही. उल्हासनगरात बेवस चौक आहे. ज्यांच्या नावाने तो आहे ते किशनचंद बेवस (१८८५ ते १९४७) आधुनिक सिंधी कवितेचे जनक मानले जातात. त्या चौकातून रिक्षाने जाणाऱ्या मराठी माणसाला ते नाव कवीचे आहे हे माहीत नसते, आणि आता बऱ्याच सिंधी तरुणांनाही नसते.

देवाणघेवाण करणारे लोक होऊन गेले आहेत, आहेतही. अहमदनगरचे लछमन हर्दवाणी यांनी सिंधी-मराठी कोशाचे काम केले आणि मराठी संतसाहित्य सिंधीत नेले. उलट दिशेने किती आले? लतीफची मारुई मराठीत चांगल्या गद्य-पद्यानुवादासह, देवनागरीत मूळ सिंधी पाठासह, सुटसुटीत पुस्तकात मिळाली पाहिजे. रिसालोची सुरुवातच कल्याण आणि यमन कल्याण या सुरांनी होते. सिंधी परंपरेतले सूर आणि आपले राग एकच नव्हेत, त्यांची वळणे वेगळी आहेत. पण नेमके हेच वेगळेपण उलगडून दाखवणारी सप्रयोग व्याख्याने कल्याणच्या गायन समाजात रंगतील अशी माझी खात्री आहे. सिंधुरा, सिंधी भैरवी ही नावे आपण नाट्यसंगीतापासून ऐकत आलो. त्या नावांमागचा प्रदेश ऐकायला काय हरकत आहे?

महाराष्ट्रात राज्याची सिंधी साहित्य अकादमी आहे, केंद्राची सिंधी भाषा विकास परिषद १९९४ पासून काम करते. या संस्था पुस्तके छापतात, पुरस्कार देतात, कवि-संमेलने घेतात. त्यांच्याकडे माझे मागणे मर्यादित आहे. वर्षाकाठी दहा छोट्या कार्यक्रमांना अनुदान देण्याऐवजी एका भगतीला अख्खी रात्र द्या. रात्रीच्या ध्वनिक्षेपकाचे नियम आहेत, म्हणून मोकळ्या मैदानाऐवजी बंद सभागृह घ्या, उल्हासनगरचा टाऊन हॉल घ्या. खुर्च्या काढून सतरंज्या टाका, भगताला मधोमध उभे करा. कीबोर्ड बाहेर ठेवा. आधी दोन महिने एखाद्या जाणत्या भगताकडे पाच तरुणांना शिकायला बसवा आणि त्यांना त्या रात्री साथीला घ्या. मारुईचे आख्यान पूर्ण होऊ द्या, मध्ये थट्टा होऊ द्या. प्रेक्षकांच्या हाती पदांचा देवनागरी पाठ आणि शेजारी मराठी-हिंदी अर्थ द्या. पहिल्या वर्षी शंभर माणसे पहाटेपर्यंत बसतील, त्यांतली निम्मी डुलक्या घेतील. चालेल. पलव त्या उरलेल्या पन्नासांसाठी पसरला जाईल आणि तो खरा असेल.

सिंधी वाचकांना आणखी एक सांगायचे आहे. झुलेलालांचे पंजडे गा, छेज खेळा, चालीह्याचे चाळीस दिवसांचे व्रत करा. त्यांत काही उणे नाही. फक्त कंवररामांची तसबीर देवघरातून काढून एकदा रिंगणात आणा. ते ज्या कवींना गात होते त्या सर्वांना, लतीफसकट, त्यांच्यासोबत आत येऊ द्या. आणि डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या मराठी रसिकांना कळकळीचे आमंत्रण आहे: पुढच्या चेटीचंडला विठ्ठलवाडीला उतरा, मिरवणुकीबरोबर चालत जा आणि भेटेल त्या आयोजकाला विचारा की भगत कधी आहे. विचारणारे शंभर झाले तर कोणीतरी ती नक्की ठरवेल.